तिसरा साचा

घोडपदेवच्या एका पगारदार नोकरांच्या पतपेढीत मी हिशेबाचं काम बघते. संगणकावरचं तेच ते काम संगणकाकडूनच करून घेणाऱ्या मॅक्रोच्या सॉफ्टवेअरला माझा विरोध होता. तो मनातल्या मनात नव्हता. संचालक मंडळाच्या सभेत मी तो बोलून दाखवला होता आणि इतिवृत्तात तो नोंदलेला आहे. आता मत बदललं आहे, तर तेही कागदावर असावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर यात एवढं काय, असं वाटायचं. आमचे सभासद सातशेच्या आसपास. दर महिन्याला त्यांच्या पगारातून झालेल्या कपातीची यादी येते: सभासद क्रमांक, वर्गणी, कर्जाचा हप्ता, व्याज. यादी एक्सेलमध्ये असते. आमचं सॉफ्टवेअर मात्र व्हिज्युअल बेसिक सिक्सच्या जमान्यातलं, आणि ज्याने ते लिहून दिलं त्याने धंदा कधीच गुंडाळला. यादी थेट आत घ्यायची सोय त्यात नाही. मग काय, सभासद क्रमांक मारा, एंटर; खिडकीत नाव येतं ते बघा; टॅब, वर्गणी; टॅब, हप्ता; टॅब, व्याज; एंटर; ‘नोंद करायची का?’ होय. एका माणसामागे वीस-बावीस बटणं. सातशे माणसं म्हणजे महिन्याला पंधरा हजारांच्या घरात. मध्येच कुणी काउंटरवर येतं, ‘ताई, माझं पासबुक भरून द्या’ म्हणतं, आणि परत बसल्यावर आपण तीनशे बारावर होतो की तेरावर, हे शोधण्यापासून सुरुवात. यादीचं एकूण आणि संगणकाचं एकूण जुळलं नाही तर किर्दीला हात लावता येत नाही. चार रुपयांच्या फरकासाठी मी आणि माझी सहकारी संध्याकाळी उशिरापर्यंत टिकमार्क करत बसलेल्या आहोत.

एवढं असून विरोध का? कारण घर.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. वडीलही तिथेच चिकटले. आमच्या घरात ‘तिसरा साचा’ हे शब्द शिवीसारखे वापरले जायचे. कुणी जास्तीचं काम गोडीगुलाबीने गळ्यात मारायला आलं की आई म्हणायची, ‘आला तिसरा साचा घेऊन.’ त्याचं मूळ १९२८ च्या संपात आहे. गिरणीमालकांनी तेव्हा ‘कार्यक्षमते’च्या नावाखाली विणकराने दोनाऐवजी तीन साचे बघावेत, कताईवाल्याने एकाऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, अशी योजना आणली. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने मुंबईतले सुमारे दीड लाख कामगार बाहेर राहिले. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली. तिचे अध्यक्ष अर्जुन आळवे स्वतः गिरणीकामगार. मालकांचा युक्तिवाद असा की लँकेशायरचा विणकर चार साचे चालवतो, मग तुम्हाला तीन का जड जावेत? मजुरी थोडी वाढणार होती, पण दर तीन विणकरांमागे एकाची गरज उरणार नव्हती, हे गणित साचाखात्यात सगळ्यांना येत होतं.

त्यानंतर १८ जानेवारी १९८२, गिरणीकामगारांचा मोठा संप. त्या संपाबद्दल मी नव्याने काय सांगणार? वडिलांचा हिशेबही पुरता मिळाला नाही. घोडपदेवात आज न्यू हिंद मिलच्या जमिनीवर म्हाडाचे टॉवर उभे आहेत, आमचे काही सभासद तिथे वरच्या मजल्यांवर राहतात, आणि त्यांच्या कर्जाच्या अर्जावर पत्ता लिहिताना मिल हा शब्द नुसता पत्त्यापुरता उरलाय हे माझ्या दर वेळी लक्षात येतं.

तेव्हा काम वाचवणारं यंत्र म्हटलं की मी आधी विचारते, वाचलेलं कोणाच्या खिशात जाणार? आमच्याकडे टेबलं दोन. माझी सहकारी वर्षभरात निवृत्त होणार. यादी जर आपोआप भरली जायला लागली तर तिची जागा भरायची कशाला, हे कुठल्याही खजिनदाराला सुचेल. शिवाय मला ते अप्रामाणिकही वाटायचं. पगार बोटांचा घ्यायचा आणि बोटं सॉफ्टवेअरची चालवायची! हे दुसरं कारण मी सभेत ठासून बोलले होते. पहिलं बोलले नव्हते, पण खरं तेच होतं.

मॅक्रो आमच्याकडे आणला तो लेखापरीक्षकांकडून आर्टिकलशिप करायला येणाऱ्या मुलाने. फेरबंदरचाच मुलगा. तो मला काकू म्हणतो. त्याने थेट यादीला हात घातला असता तर मी त्याला उठवलं असतं. पण त्याने आधी पत्रं घेतली. थकबाकीच्या नोटिसा, जामीनदारांना पत्रं, ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’ हे वाक्य मी हयातभर टाइप करत आले आहे. (हे वाक्य कुणी काढून टाकलं तर सहकार चळवळ कोसळेल असा आमच्या सचिवांचा समज आहे.) त्याने ऑटोहॉटकी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं, नोटपॅडमध्ये एक ओळ लिहिली, आणि म्हणाला, काकू, आता नुसतं तीन अक्षरांचं लघुरूप टाइप करून स्पेस द्या. दिला. आख्खं वाक्य उमटलं. पहिल्या खेपेला खरं तर प्रश्नचिन्हांची रांग उमटली होती. फाइल युनिकोडच्या, म्हणजे यूटीएफ-एटच्या रूपात जतन केली नव्हती. जुन्या आवृत्तीत त्या रूपाबरोबर सुरुवातीची एक अदृश्य खूणही लागते, नाहीतर देवनागरीचा कचरा होतो. मराठी माणसाने हे वापरायला घेतलं की पहिली ठेच इथेच लागते.

हे मी मुकाट्याने स्वीकारलं. कुणाची नोकरी नोटिशीच्या मायन्यावर अवलंबून नव्हती.

या सॉफ्टवेअरचं खानदान मला आवडलं, हेही सांगून टाकते. ऑटोहॉटकी ख्रिस मॅलेट नावाच्या गृहस्थाने २००३ मध्ये काढलं. त्याच्या आधीचं ऑटोइट हे जोनाथन बेनेट यांचं, १९९९ चं. दोन्ही फुकट. यात कंपनीचा एजंट नाही, वार्षिक देखभाल करार नाही, डेमोला येणारा टायवाला नाही. साधी मजकुराची फाइल, तीत वरून खाली आज्ञा. सेंड म्हणजे बटणं दाब, स्लीप म्हणजे अमुक हजारांश सेकंद थांब, विनॲक्टिव्हेट म्हणजे अमुक खिडकी पुढे आण. कंट्रोलसाठी एक चिन्ह, आल्टसाठी उद्गारचिन्ह. ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम टाकला की ती ओळ माणसासाठी. संगणक ती वाचत नाही. मिलचं यंत्र मालकाने विलायतेहून मागवलेलं असायचं. हे माझ्याच टेबलावर, माझ्याच नोटपॅडात लिहिलं जात होतं. फरक मोठा आहे, पण तेव्हा मी तो स्वतःशी कबूल केला नाही.

मग यादी. मुलाची पहिली स्क्रिप्ट आंधळी होती. एक्सेलमधून क्रमांक उचल, आमच्या खिडकीत टाक, अर्धा सेकंद थांब, टॅब, रक्कम, टॅब, रक्कम, एंटर, पुढचा. चाचणीसाठी आम्ही डेटाची वेगळी प्रत घेतली. पडद्यावर नावं सटासट सरकायला लागली. माझी सहकारी टाळ्या वाजवायचीच बाकी होती. आणि मध्येच कोपऱ्यात अँटिव्हायरसची चौकट उघडली. झालं! तिथून पुढे टॅब भलतीकडे पडायला लागले, एकाची वर्गणी दुसऱ्याच्या हप्त्याच्या रकान्यात, आणि स्क्रिप्ट आपली चालूच. तिला काही पत्ताच नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, बघ, हेच मी सांगत होते.

पण त्या रात्री डोक्यात वडिलांचं एक बोलणं घोळत राहिलं, आणि माझं मत पहिल्यांदा हललं ते त्यामुळे. तिसरा साचा जड का जायचा, हे ते हातवारे करून सांगायचे. मुंबईत तेव्हा बहुतेक लँकेशायरच्या घडणीचे साधे साचे. त्यात बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला, धोट्यातली कांडी संपली, तर साचा आपोआप थांबायचा. पण ताण्यातली, म्हणजे उभी, तार तुटली तर थांबायचा नाही. तो तसाच विणत राहायचा आणि कापडात उभी फट पडत जायची. ती तार विणकराच्या डोळ्यांनीच धरायची. तुटलेली दिसली की हँडल ओढून साचा थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा सुरू. दोन साच्यांवर नजर पुरते. तिसऱ्याला ती द्यायची तर पहिल्यावरची काढावी लागते, आणि फट पडली की दंड विणकराला.

म्हणजे आजोबांचं भांडण तीन या आकड्याशी नव्हतं. न थांबणाऱ्या साच्याशी होतं. जपानात साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये जो स्वयंचलित माग सिद्ध केला, त्यात ताण्याची तार तुटली तरी माग स्वतःहून थांबायचा. मग एका माणसाला कितीतरी माग बघता येत, कारण त्याने बघायचं असायचं फक्त थांबलेल्या मागाकडे. मुंबईच्या गिरण्यांना यंत्रं पुरवणाऱ्या लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्सनेच १९२९ मध्ये त्या मागाचे हक्क विकत घेतले. टोयोटा मोटारींवाले ते याच घरातले. आजोबांना दिलेला तिसरा साचा मात्र जुनाच, आंधळा. काम वाढलं, यंत्र तेच.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला म्हटलं, तुझी ही स्क्रिप्ट तार तुटल्यावर थांबते का ते सांग. त्याला काही कळलं नाही. मग मी दाखवलं: क्रमांक मारल्यावर सभासदाचं नाव एका चौकटीत येतं. मी टाइप करते तेव्हा माझी नजर आधी त्या नावावर जाते, मग रकमेवर. तुझी स्क्रिप्ट नाव वाचतच नाही. तो म्हणाला, वाचता येईल की, काकू. कंट्रोलगेटटेक्स्ट नावाची आज्ञा आहे, ती चौकटीतला मजकूर उचलते. मग आम्ही तशी लिहिली. क्रमांक टाक. खिडकी खरंच उघडेपर्यंत वाट बघ. नुसतं अर्धा सेकंद झोपू नकोस. नाव वाच. यादीतल्या नावाशी ताडून बघ. जुळलं तरच रक्कम. नाही जुळलं तर शिट्टी मार आणि थांब. दर नोंदीनंतर एक्सेलमध्ये त्या ओळीसमोर खूण कर, म्हणजे मध्येच वीज गेली तरी कुठवर झालं ते कळेल. आणि एस्केप दाबलं की काहीही चालू असो, बंद. हा एस्केप माझ्या हट्टाने आला. विणकराचा हात हँडलवर असायला हवा.

या कामाला आम्हाला वेळ लागला, आणि गंमत म्हणजे त्यातला बराच वेळ मीच बोलत होते. कारण स्क्रिप्टला सांगायच्या गोष्टी मुलाला माहीत नव्हत्या. आमच्याकडे एकाच नावाचे, एकाच आडनावाचे, वडिलांचं नावही तेच असलेले दोन सभासद आहेत. दोघे एकाच खात्यात. तिथे नाव जुळणं पुरेसं नाही, दर वेळी थांबायचंच. कर्जाचा शेवटचा हप्ता कधीच पुरा नसतो, तो शिल्लक बघून घ्यावा लागतो. निवृत्त होणाऱ्याची शेवटच्या महिन्याची कपात कधी दुप्पट येते, कधी येतच नाही. बिनपगारी रजेवरच्याची वर्गणी शून्य आली तरी ती चूक नव्हे. हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नाही. पोटनियमांत तर नाहीच. ते माझ्या डोक्यात होतं आणि माझ्या सहकारिणीच्या डोक्यात होतं. स्क्रिप्टमध्ये पहिल्यांदा ते लिहून निघालं, अर्धविराम टाकून, मराठीत: ‘इथे थांब. शेवटचा हप्ता. शिल्लक हाताने बघ.’

मी ज्याला बोटांचं काम समजत होते ते बोटांचं नव्हतंच. सातशेंपैकी साडेसहाशे नोंदींत मी करत होते ते संगणकाला करता येतं आणि त्याने ते करावं. उरलेल्या पन्नासांसाठी मी आहे. पूर्वी त्या पन्नासांपाशी पोचेपर्यंत माझे डोळे शिणलेले असायचे. आता स्क्रिप्ट तिथे थांबते आणि मी ताज्या नजरेने बघते. पगार बोटांचा घेते हे जे मी सभेत ठासून सांगितलं होतं, ते मी परत घेतलं आहे.

पण नोकरीबद्दलची भीती मी परत घेतलेली नाही. ती उलट जरा धारदार झाली आहे. आमच्या डोक्यातलं सगळं आता एका फाइलीत आहे. उद्या कुणीही ती उघडून वाचू शकतो. आजवर ‘बाई नसल्या तर यादी कोण भरणार?’ हा आमचा आधार होता. तो आम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिला. माझी सहकारी म्हणालीसुद्धा, ‘अगं, आपण आपली किल्ली दिली.’ तिचं खोटं नाही. दुसरी एक वाट होती: स्क्रिप्ट गुपचूप चालवायची, कुणाला सांगायचं नाही, आणि वाचलेल्या दिवसांत टेबलावर कागद पसरून बसायचं. जगात असं करणारे कमी नाहीत. पण हा सभासदांचा पैसा. त्याची नोंद कोण करतंय हे लेखापरीक्षकाला आणि मंडळाला माहीत नसणं मला चाललं नसतं. म्हणून पहिल्या खऱ्या महिन्याआधीच सचिवांना दाखवलं.

लपवायचं नाही आणि अडवायचंही नाही, तर मग काय? इथे मला बँकवाल्यांचं उदाहरण सुचलं. संगणक बँकांत यायला लागले तेव्हा कर्मचारी संघटनांनी बराच विरोध केला, पण १९८३ मध्ये त्यांनी इंडियन बँक्स असोसिएशनबरोबर करार केला: यंत्रं किती, कुठल्या शाखांत, कुठल्या कामासाठी. पुढे बँकांच्या संगणकीकरणावरच्या रंगराजन समितीच्या अहवालांनंतर तो बांध फार काळ टिकला नाही, हे मला ठाऊक आहे. तरी यंत्र येणार हे धरून त्याच्या अटी लिहून घेणं, हा आमच्या घरात कधी न ऐकलेला मार्ग होता. आमच्याकडे एक तर संप, नाहीतर गप्प बसणं.

तिसरा साचा यायला वेळ लागला नाही. स्क्रिप्ट दोन-तीन महिने नीट चालली आणि खजिनदारांनी सभेत विषय काढला: शेजारच्या एका छोट्या पतपेढीकडे तेच सॉफ्टवेअर आहे, माणूस नाही, त्यांची यादीही आपल्याच टेबलावर का घेऊ नये? शिवाय निवृत्तीनंतरची रिकामी जागा ‘तूर्त’ न भरण्याचं बघता येईल. ‘मॅडम, आता तर बटण दाबलं की झालं,’ असं ते म्हणाले.

मी लेखी दिलं. दुसरी यादी घ्यायला हरकत नाही. तिच्यासाठी स्क्रिप्ट नव्याने बसवावी लागेल, कारण त्यांचे सभासद, त्यांचे सारखे नाववाले, त्यांचे शेवटचे हप्ते मला माहीत नाहीत. त्या कामाचे पैसे वेगळे. स्क्रिप्ट चालू असताना टेबलावर माणूस बसलेलाच हवा, रात्री लावून घरी जायचं नाही. रिकामी जागा भरायची, आणि येणाऱ्या मुलीला पहिले काही महिने यादी हाताने भरू द्यायची, नाहीतर स्क्रिप्ट थांबली की का थांबली हे तिला कळणार नाही. आणि दुसऱ्या पतपेढीकडून जी रक्कम मिळेल तिचा ठरावीक भाग कर्मचाऱ्यांना भत्ता म्हणून.

खजिनदारांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, ‘सॉफ्टवेअर फुकटचं, आणि भत्ता कसला मागता?’ मी म्हटलं, सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणूनच तुमच्याकडे भत्त्यापुरते पैसे उरतायत. सचिव हसले. ते हसले म्हणजे मंजूर असं नाही. त्यांना मी ओळखते. विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे, ती सभा वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी, म्हणजे सप्टेंबरअखेरच्या आत घ्यावीच लागेल. तोवर दुसऱ्या पतपेढीची यादी मी घेतलेली नाही.